शेवगा जंक्शन ते विहीर रोड

चेन्नईला नोकरी लागली तेव्हा माझ्या आईने एकच अट घातली, घर मराठी माणसाचं बघ. परक्या मुलखात मराठी घरमालक म्हणजे अर्धं माहेर, असा तिचा हिशेब. तिला काय कल्पना, की त्या माहेरात मला रोज सकाळी एका वीतभर उंचीच्या रेल्वे फाटकापाशी, खांद्यावर लॅपटॉप आणि हातात डबा घेऊन, गुडघ्याखालून मालगाडी जाईपर्यंत उभं राहावं लागणार होतं.

घर वेस्ट मांबलमला होतं. पुढे मालक-मालकीण राहायचे, मागे परस आणि परसाच्या टोकाला माझी खोली. खोलीपासून रस्त्याकडच्या दारापर्यंत पायवाट होती आणि ती पायवाट मामांच्या रेल्वेने मधोमध कापली होती. घरमालकांना मी मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. तिथे सगळेच सगळ्यांना मामा-मामी म्हणतात, त्यामुळे नातं जोडल्याचं पुण्य मला घेता येणार नाही.

फाटक ओलांडून जाता येत नव्हतं का? येत होतं. एक पाय उचलला की काम झालं. पहिल्याच आठवड्यात मी तो उचलला, कारण सिरुसेरीला जाणारी कंपनीची बस कोपऱ्यावर कुणासाठी थांबत नाही. मागून शिट्टी वाजली. मामांनी गाडी उभी केली, धोतर सावरत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "तुम्ही शिकले-सवरलेले. गेट बंद असतांना लाईन ओलांडणें गुन्हा हाय. वंडी येत होती ते दिसलं नाही?"

वंडी म्हणजे गाडी. तंजावरकडच्या मराठी लोकांची बोली ही अशी, अर्धी जुन्या कागदपत्रांतली आणि अर्धी तमिळ, आणि दोन्ही अर्धी तमिळ सुरात. मी हसले. दुसऱ्या दिवशी माझ्या नळाला पाणी आलं नाही. पाण्याचा आणि फाटकाचा काही संबंध नाही, मोटर बिघडली आहे, असं मामा म्हणाले. त्यानंतर मी फाटकापाशी थांबायला लागले. ऑफिसात उशिराचं कारण 'रेल्वे फाटक' असं सांगायची आणि कुणालाही शंका यायची नाही.

कुणालाही वाटेल की मामा रेल्वेतून निवृत्त झाले असणार. छे. त्यांची सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत गेली. रेल्वेशी त्यांचा संबंध प्रवाशाचासुद्धा नव्हता, कारण खऱ्या आगगाडीत बसायला ते तयारच नसायचे. "तिकडे काय शिस्त हाय?" असं म्हणायचे. खऱ्या गाड्या उशिरा येतात, लोक दारात लोंबतात, चहाचे कप रुळांवर टाकतात. म्हणून त्यांनी परसात स्वतःची रेल्वे काढली, जिच्यात एकही माणूस नव्हता. जे होते ते प्लास्टिकचे होते आणि मामांनी ठेवलं तिथे उभे राहायचे.

मामा अंगाने किडकिडीत, उघडे, कमरेला घडी घातलेलं धोतर. जानव्याला किल्ल्या बांधणारे लोक मी पाहिले होते, शिट्टी बांधणारे हे पहिलेच. शेवग्याच्या झाडाखाली 'शेवगा जंक्शन' होतं. तिथून लाईन माझ्या पायवाटेवरून भिंतीच्या कडेने जायची आणि परसाच्या पलीकडच्या कोपऱ्यात 'विहीर रोड' नावाच्या स्टेशनात पोचायची. विहीर तिथून चांगली लांब होती. मी विचारलं तेव्हा मामांनी माझी कीव केली. नावापुढे 'रोड' असलं की गाव लांबच असतं, एवढंही मराठी मुलखातून आलेल्या मुलीला ठाऊक नसावं.

परत येताना लाईन तुळशीला वळसा घालायची. तिथेच का, तर वळणाचं माप तिथेच बसत होतं. त्यामुळे मामी सकाळी तुळशीला प्रदक्षिणा घालायला निघाल्या की मागून मालगाडी येई आणि मामींना बाजूला उभं राहावं लागे. आमच्या घरात तुळशीला सर्वांत जास्त प्रदक्षिणा त्या इंजिनाने घातल्या. पुण्य असं साठत असेल तर पुढच्या जन्मी ते इंजिन नक्की ब्राह्मण होणार.

रूळ पितळेचे होते. चेन्नईची हवा खारट आणि दमट, पितळ चार दिवसांत काळं पडायचं. मग मामा मामींच्या स्वयंपाकघरातून चिंच उचलायचे आणि उकिडवे बसून एकेक रूळ घासायचे. देवघरातल्या समया काळ्या, रूळ लखलखीत. रसमला आंबटपणा नाही म्हणून हेच पानावर कुरकुर करायचे. मामी शांतपणे म्हणायच्या, "चिंच परसांत हाय. जाऊन चाटा."

आयुधपूजेला तर कहर झाला. त्या दिवशी इथे सायकलपासून बसपर्यंत प्रत्येक वाहनाला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि वाहन लिंबावरून नेतात. मामांनी इंजिनाला गंध लावलं, झेंडूचा हार घातला आणि चारी चाकांपुढे लिंबं मांडली. लिंबू चाकाहून मोठं होतं. हे दिसायला इंजिनियर असण्याची गरज नव्हती, तरी मी म्हणाले, "मामा, गाडी चढणार कशी?" "बस चढते, लारी चढते. माझी काय पाप करते?" म्हणत त्यांनी हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. इंजिनाने लिंबाला धडक दिली, झेंडूसकट उलटलं आणि तुळशीच्या पाण्यात तोंड घालून पडलं. मामी पायरीवर बसून हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मामा त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत, आणि मामींनी दिवाळीपर्यंत त्याची गरज दाखवली नाही.

मामी पायरीवर बसल्या होत्या असं मी म्हटलं, पण त्या नेहमीच बसलेल्या असायच्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. सासू शेवटी अंथरुणाला खिळली, तिला उचलण्या-बसवण्यात एक गेला आणि त्याचा भार घेता घेता दुसराही. धुणं वाळत घालायला जायचं तर वाटेत दोनदा लाईन लागे आणि प्रत्येक रुळाशी मामी भिंतीला हात लावून आधी डावं पाऊल पलीकडे ठेवायच्या, मग श्वास घ्यायच्या, मग उजवं. ते बघून माझ्या तोंडात शिव्या यायच्या. मालगाडीला मोरीच्या ओढ्यावर पूल होता, चढाला भराव होता, वळणाला उतार दिलेला होता. बायकोला भिंत होती.

तंजावरला मामींची थोरली बहीण होती, अक्का. ती खूप थकली होती, घराबाहेर पडत नव्हती. दोघी रोज दुपारी फोनवर बोलायच्या आणि रोज शेवटी मामी म्हणायच्या, "येतें अक्का, येतेंच." पण मांबलम स्टेशनचा जिना त्यांना चढवत नव्हता आणि डब्याच्या पायऱ्या तर त्याहून उंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन्ही गुडघे बदला, मग कुठेही जा. मामींना कुठेही जायचं नव्हतं. त्यांना अक्काला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, आणि अक्का त्यासाठी किती थांबेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा मामांनी मोडली. एकदा पावसाने विहीर रोडचा भराव वाहून गेला म्हणून. दुसऱ्यांदा नवं इंजिन आलं आणि त्याची ट्रायल राहिली होती म्हणून. हॉस्पिटलात मामींजवळ माणूस हवा, नंतर घरीही हवा, आणि तो माणूस मामा असायला हवेत, हीच खरी अडचण. मामी विषय काढायच्या आणि मामा रुळांवरून मान वर न करता म्हणायचे, "लाईन क्लियर नाही अत्ता." त्यांच्या शब्दकोशात 'नाही' हा शब्दच नव्हता. जे करायचं नसेल त्याला लाईन क्लियर नसायची.

आता कावळे. तिकडच्या रीतीप्रमाणे मामी रोज दुपारी जेवणाआधी मूठभर भात भिंतीवर ठेवायच्या. कावळे भात खायचे, मग पितर जेवले असं धरून मामी जेवायच्या. पण पितरांना भातानंतर तोंडात टाकायला काहीतरी लागत असावं. ते खाली उतरायचे आणि शेवगा जंक्शनवरचे प्रवासी उचलून न्यायचे. एकदा सिग्नलचा हात नेला, एकदा फलाटावरच्या बाईची ट्रंक. मामांनी फर्मान काढलं, भिंतीवर भात ठेवायचा नाही. मामी म्हणाल्या, "पितर येतात हो त्या रूपानें." मामा म्हणाले, "येऊं देत की. पितरांनी माझे प्याशिंजर कां न्यावेत?"

मामींनी ऐकलं नाही. सासरच्या मृतांना उपाशी ठेवण्याइतक्या त्या धीट नव्हत्या, आणि गच्चीवर जाऊन भात ठेवायला गुडघे नव्हते. मग मामांनी डोकं चालवलं. जुन्या छत्रीचं काळं कापड फाडून, आत चिंध्या भरून, बाहेर खरी पिसं खोचून त्यांनी एक मेलेला कावळा तयार केला आणि तो मालगाडीवर एका काठीला उलटा टांगला. दिवसभर तो कावळा परसातून फिरायचा, शेवगा जंक्शन ते विहीर रोड, तुळशीला वळसा घालून परत. गल्लीतले झाडून सगळे कावळे भिंतीवर जमले, त्यांनी दुखवट्याची मोठी सभा भरवली, इतकी मोठी की मला ऑफिसचे फोन बाथरूममध्ये बसून घ्यावे लागले. मग एक दिवस शांतता झाली. मेलेला नातेवाईक जिथे रोज रेल्वेने हिंडतो त्या घराकडे कावळ्यांनी पाठ फिरवली. मामा खूश. भिंतीवरचा भात मुंग्या खाऊ लागल्या आणि मामी पितरांच्या आधी जेवायचं म्हणून अपराध्यासारख्या जेवू लागल्या.

आणि माघात मामांच्या आईचं श्राद्ध आलं.

मी त्या दिवशी घरून काम करत होते, खोलीच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन. वाध्यार, म्हणजे भटजी, मैलापूरहून आले होते. तेही तंजावरकडचेच मराठी. होम झाला, ब्राह्मण जेवून गेले, पिंड झाले. आता पिंड भिंतीवर ठेवायचा आणि कावळ्याने चोच लावली की घरच्यांनी जेवायचं. मामींच्या पोटात सकाळपासून पाण्याखेरीज काही नव्हतं. नऊवारी नेसून त्या स्टुलावर बसल्या होत्या.

मामांनी पिंड ठेवला आणि हाक दिली, "का, का." परसात पान हललं नाही. पुन्हा हाक दिली. शेजारच्या माडावर चार-पाच कावळे बसले होते. त्यांनी खाली पाहिलं, मालगाडीवरचा आपला माणूस पाहिला आणि तोंडं फिरवली. मामांच्या ते लक्षात आलं. वाध्यार घामाने डबडबलेला चेहरा पुसतायत असं पाहून त्यांनी हळूच छत्रीचा कावळा काठीवरून काढला आणि पाठीमागे धोतरात खोचला. जानवं श्राद्धासाठी उलट्या खांद्यावर होतं, त्यामुळे शिट्टी भलत्याच बाजूला लोंबत होती.

तरी कावळा येईना. वाध्यार घड्याळाकडे बघू लागले. मी अगदी साळसूदपणे म्हणाले, "आमच्या साताऱ्याकडे कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं धरतात. मग घरचा माणूस ती पुरी करायचं कबूल करतो."

"ते दहाव्याला," मामा म्हणाले.

"अत्ता केलं तरी चालेल," वाध्यार घाईने म्हणाले. "शास्त्राला विरोध नाही."

मामांनी हात जोडले. "आई, तुझ्या नांवानें गयेला जाईन."

"इथं जवळ तांबरमला जात नाही हे," मामी वाध्यारांना म्हणाल्या. "गयेला कुठून जातात?"

कावळ्यांनाही तसंच वाटलं असावं. मामांनी मग अन्नदान कबूल केलं, गोग्रास कबूल केला, शेवटी मोठ्या कष्टाने तुळशीभोवतालची लाईन काढण्याचंही कबूल केलं. माड ढिम्म. मग मामी बोलल्या. आवाज चढवला नाही.

"त्यांची इच्छा काय होती ते मला ठावं हाय. तुम्हालाही ठावं हाय. जातांना तुमचा हात धरून सांगिटलं होतं त्यांनी. 'मला उचलतां उचलतां हिचे गुडघे गेले, ते बरे करून दे.' मी दारांत उभी होतें. तुम्ही होय म्हणालांत."

माझ्या हातातला फोन वाजत होता, तो मी बंद केला. मामांनी रुळांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाध्यारांकडे पाहिलं. सुटायला कुठे फाटा नव्हता.

"करूं ऑपरेशन," ते म्हणाले. "दिवाळीनंतर."

कावळा आला नाही.

"चैत्री पाडव्यानंतर."

वाध्यारांनी पिशवी उचलली.

"सरी, होऊं दे. पुढल्या आठवड्यांत," मामा म्हणाले आणि घाम पुसला. भाजीवालीशी घासाघीस करून हरलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

तरीही कावळा येईना, तेव्हा मामी म्हणाल्या, "येईपर्यंत मी जेवत नाही." स्टुलावर त्या घट्ट बसल्या. आणि इथे मामांना जे सुचलं ते त्यांनाच सुचू शकतं. त्यांनी भिंतीवरचा पिंड उचलला, मालगाडीच्या उघड्या डब्यात ठेवला आणि रिमोट हातात घेतला. आईचा पिंड शेवगा जंक्शनहून सुटला. वाध्यारांनी डोळे मिटले. गाडी भिंतीच्या कडेने माडाच्या दिशेने गेली आणि विहीर रोडच्या फलाटाला अलगद लागली.

एक कावळा खाली आला. पिंडाकडे त्याने एकदा पाहिलं आणि फलाटावर उडी मारली. तिथे स्टेशनमास्तर उभा होता. पांढरा गणवेश, हातात झेंडी, नाकाखाली मामांसारखीच मिशी. मामांनी तो स्वतः रंगवला होता, मिशीचा एकेक केस काढून. कावळ्याने त्याला कमरेत धरलं.

मामांचा हात शिट्टीकडे गेला. शिट्टी ओठांना लागली. वाजवली असती तर स्टेशनमास्तर वाचला असता, आणि पिंड तसाच राहिला असता. मी मामींकडे पाहिलं. त्या कावळ्याकडे बघतच नव्हत्या, त्या मामांकडे बघत होत्या. मामांचे गाल फुगले. मग हळूहळू गाल बसले आणि शिट्टी ओठांवरून सुटली. त्या माणसाबद्दल मला माया वाटली ती तेवढाच वेळ, पण वाटली.

कावळ्याने स्टेशनमास्तर बाजूला ठेवला, पिंडाला दोन-तीन चोची मारल्या, मग स्टेशनमास्तर पुन्हा उचलला आणि माडावर निघून गेला. "शिवला," वाध्यार म्हणाले आणि चपला शोधू लागले. मामी भिंतीला धरून उठल्या. "पानं वाढतें," म्हणाल्या, आणि मलाही वाढलं.

ऑपरेशन खरंच पुढच्या आठवड्यात झालं. मामा हॉस्पिटलात राहिले. तिथल्या लिफ्टच्या वेळा पाळल्या जात नाहीत म्हणून त्यांनी तिथे भांडण केलं असं कळलं. मामी परत आल्या. आधी वॉकर, मग काठी, मग एक दिवस काठी भिंतीला टेकवून नुसत्याच चालू लागल्या. मामांनी त्यांच्या चालण्याचं टाईमटेबल करून स्वयंपाकघरात लावलं होतं. मामींनी त्यावर डोसे काढून ठेवायला सुरुवात केली.

पावसाळ्याआधी त्या तंजावरला निघाल्या. एकट्या. मामांना त्यांनी विचारलं नाही, फक्त स्टेशनवर सोडायला या म्हणाल्या, कारण पिशवी जड होती. मीही गेले. जिना त्या माझ्यापुढे चढल्या. मामा फलाटावर धोतर वर धरून उभे होते, चहाचे कप, माणसं, कुत्री यांच्याकडे अशा नजरेने बघत की जणू हे सगळं कुणीतरी उचलून न्यावं. गाडी उशिरा आली. मामा काही बोलायला गेले, पण मामी तोवर डब्यात चढल्या होत्या.

"कधी येशील?" खिडकीशी जाऊन त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत असा प्रश्न विचारायची त्यांच्यावर वेळ आली नव्हती, त्यामुळे तो त्यांना नीट विचारताही आला नाही.

मामी पदर सारखा करत म्हणाल्या, "दुपारीं भिंतीवर भात ठेवा रोज. विसरूं नका. कावळा ओरडला कीं घरीं माणूस येतं म्हणतात. तो ओरडला कीं समजा, मी निघालें."

दुसऱ्या दिवशी मी घरीच होते. दुपारी मामा भात घेऊन भिंतीपाशी उभे राहिले आणि "का, का" करू लागले. छत्रीचा कावळा आता मालगाडीवर नव्हता, कावळे लगेच आले. भात खाल्ला, शेवगा जंक्शनवरचा एक हमाल उचलला आणि निघून गेले. मामा बराच वेळ माडाकडे कान लावून उभे होते. एकही ओरडला नाही.